पहिलीचे इंग्रजी आणि मास्तरांची शाळा

स्मरणिकेतल्या संस्थेच्या इतिहासाचा साचा ठरलेला असतो. संस्थापकांचे छायाचित्र, पायाभरणीची तारीख, देणगीदारांची यादी, पहिल्या तुकडीचा निकाल. आम्हाला जिचा इतिहास लिहायचा आहे तिच्याजवळ यातले काहीच नाही. तिला स्वतःची इमारत नाही, नोंदणी क्रमांक नाही, बँकेत खाते नाही. महिन्यातून एकदा केंद्रातल्या कुठल्या तरी शाळेत आसपासच्या शाळांचे शिक्षक जमतात, काही तास बसतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. सरकारी कागदांत तिचे नाव शिक्षण परिषद. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या मराठी शाळांत इंग्रजी शिकवणारा शिक्षक जेवढा घडला, तेवढा बहुतांशी या बैठकीत आणि तिच्या आगेमागे घडला, असे आमचे मत आहे. मोठ्या प्रशिक्षणांचे श्रेय नाकारायचे नाही. पण त्यांच्या फायली आहेत, अहवाल आहेत, फोटो आहेत. हिच्याबद्दल कोणी लिहीत नाही.

निमित्त पंचवीस वर्षांचे आहे. २००० सालच्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. २०२५ च्या जूनमध्ये त्याला पाव शतक झाले.

आधी भूगोल सांगतो, कारण आमच्याकडे प्रशिक्षणाचा निम्मा प्रश्न भूगोलाचाच असतो. शहापुरातून मुंबई-आग्रा रस्ता आणि मध्य रेल्वे जाते. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्टेशनांवर सकाळी डबा आणि दप्तर घेऊन उतरणारे शिक्षक ओळखू येतात. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून माळशेजकडे जाणारा रस्ता हीच वाट, आणि त्या रस्त्यावर सरळगावला किंवा टोकावड्याला उतरून पुढे मोटारसायकल. डोळखांब, किन्हवली, धसई, म्हसा ही नावे नकाशावर जवळ दिसतात, पावसाळ्यात मात्र ओढ्यापलीकडचा पाडा दुसऱ्या तालुक्याइतका लांब होतो. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत. शिक्षक मात्र उलट दिशेने येतो, शहराकडून धरणाकडे.

शाळा बहुतेक द्विशिक्षकी. खडू-फळा मोहिमेने, म्हणजे ऑपरेशन ब्लॅकबोर्डने, १९८७ पासून एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक देण्याचे ठरवले आणि तेव्हापासून ‘दोन खोल्या, दोन गुरुजी’ हे पाड्यावरच्या शाळेचे रूप झाले. दोन माणसांत चार वर्ग आणि सगळे विषय. तेव्हा प्राथमिक शाळेत ‘इंग्रजीचा शिक्षक’ नावाचा माणूसच नसतो. जो परिसर अभ्यास शिकवतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो आणि निवडणुकीच्या याद्या घेऊन फिरतो, तोच अकरा वाजून वीस मिनिटांनी इंग्रजीचा शिक्षक होतो. त्याला पाच दिवस प्रशिक्षणाला बोलावले की सहकाऱ्याच्या गळ्यात चारही वर्ग पडतात. प्रशिक्षणाची ऑर्डर आली की शाळेत आनंदाचे वातावरण का नसते, हे मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञांना फार वर्षे कळले नव्हते.

मुलांचे सांगायचे तर कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली, कुणबी अशा घरांतली ही मुले. पुष्कळांच्या घरची बोली पाठ्यपुस्तकातल्या मराठीपासून बरीच दूर. महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींत कातकऱ्यांची गणना होते (इतर दोन कोलाम आणि माडिया गोंड), आणि त्यांची कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. शाळेतली मराठी हीच या मुलाची दुसरी भाषा. सरकारी भाषेत इंग्रजी दुसरी असो की तिसरी, त्याच्या जिभेवर ती तिसरी-चौथी येते. ‘इंग्रजी वाक्य वाचा आणि मराठीत अर्थ सांगा’ ही जी आपली पिढ्यानपिढ्यांची रीत, ती इथे एका अनोळखी भाषेवरून दुसऱ्या अर्ध्या ओळखीच्या भाषेवर उडी मारायला लावते.

आता मास्तरांकडे येऊ. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत ठाणे जिल्ह्याच्या या भागात जो प्राथमिक शिक्षक होता, तो बहुधा सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण झालेला. त्या परीक्षेच्या बळावर नोकरी मिळायची आणि मग अध्यापनाचे प्रमाणपत्र. त्याच्या शिक्षणात इंग्रजी नव्हतेच, असले तर घरच्या हौसेने. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई प्रांतात इंग्रजीची सुरुवात आठवीवर नेली, त्यामुळे प्राथमिक शिक्षकाला या विषयाशी कर्तव्यच उरले नाही. याला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. त्या निर्णयामागे मातृभाषेतून शिकण्याचा विचार होता आणि तो विचार आजही खोटा ठरलेला नाही. परंतु त्याची एक किंमत पुढच्या पिढीच्या शिक्षकाने मोजली. पुढे इंग्रजी पाचवीपर्यंत खाली आले तेव्हा वरच्या प्राथमिक वर्गांना शिकवणाऱ्या गुरुजींना ते आपल्यासमोरच्या मुलांबरोबर शिकावे लागले.

साठच्या दशकात राज्य इंग्रजी संस्था मुंबईत निघाली, जी पुढे औरंगाबादला गेली. हैदराबादची केंद्रीय इंग्रजी संस्था १९५८ ची. दोन्हींचा मंत्र तेव्हा एकच होता: रचना. ‘धिस इज अ पेन’पासून सुरुवात करून सोप्याकडून अवघडाकडे वाक्यरचनांची उतरंड लावायची, तक्त्यातला एक शब्द बदलून नवे वाक्य करवून घ्यायचे, पाठांतराऐवजी सराव. पद्धत शिस्तीची होती आणि वाईट नव्हती. जिल्ह्याच्या ठिकाणी शिबिरे व्हायची, हायस्कुलातले निवडक शिक्षक जायचे. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शिक्षक त्यांच्याकडे वर्ग झाले, १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाली, पुस्तके एकसारखी झाली. ही सगळी वर्षे आमच्या दृष्टीने एका वाक्यात संपतात: पाचवीच्या इंग्रजीसाठी पाड्यावरच्या शिक्षकाला कोणी विचारले नाही, कारण पाड्यावरची शाळा चौथीपर्यंतच होती.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर हालचाल सुरू झाली. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांची योजना १९८७ ची. ठाणे जिल्ह्याची संस्था, सगळ्यांच्या तोंडचे ‘डाएट’, बदलापूरजवळ रहाटोलीला आहे. मुरबाडच्या शिक्षकाला ती त्यातल्या त्यात जवळ, कसाऱ्याच्या शिक्षकाला दिवस घालवणारी. याच काळात शिक्षकांच्या सामूहिक उद्बोधनाचे कार्यक्रम लागोपाठ आले. ‘स्मार्ट पीटी’ हे त्यांतले नाव अजून जुन्या शिक्षकांच्या लक्षात आहे. किमान अध्ययन क्षमता, गटकार्य, आनंददायी शिक्षण हे शब्द तेव्हा पाड्यांपर्यंत पोहोचले. इंग्रजीचा त्यांत मागमूस नव्हता. पण एक गोष्ट झाली: ‘प्रशिक्षण लागणे’ ही नोकरीतली नेहमीची बाब बनली.

आमच्या संस्थेचा, म्हणजे शिक्षण परिषदेचा, जन्म १९९४ चा. त्या वर्षी राज्याने केंद्रशाळेची योजना आणली. आसपासच्या शाळांचा एक गट, त्यातली एक केंद्रशाळा आणि त्या गटाला एक केंद्रप्रमुख. राज्यभर अशी ४,८६० केंद्रे ठरली. केंद्रप्रमुखाने शाळा पाहाव्यात आणि महिन्यातून एकदा शिक्षकांना एकत्र आणावे, त्यांच्यात आदर्श पाठ व्हावा, अडचणींवर बोलणे व्हावे, अशी कल्पना. कागदावर ती साधी दिसते. ज्याने दोन शिक्षकांच्या शाळेत वर्षानुवर्षे काढली आहेत त्याला तिचे मोल विचारावे. आपला पाठ दुसऱ्या शिक्षकाने पाहणे आणि दुसऱ्याचा आपण पाहणे ही गोष्ट त्याआधी डी.एड.च्या सरावपाठांनंतर आयुष्यात पुन्हा होतच नसे.

मग २००० साल. शालेय शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी पहिलीपासून इंग्रजीचा निर्णय घेतला आणि मराठी जगात खळबळ उडाली. साहित्यिक, शिक्षणतज्ज्ञ, संपादक दोन बाजूंना उभे राहिले. एका बाजूला मराठीचे काय होणार ही काळजी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी शाळांकडे पळणारी मुले मराठी शाळेतच राहतील ही आशा. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये परकी भाषा पाचवीच्या आधी नको म्हटले होते, याचीही आठवण काढली गेली. या सगळ्या वादात एक प्रश्न फार थोड्यांनी विचारला: शिकवणार कोण? ज्या सुमारास हा निर्णय झाला, त्याच सुमारास शिक्षणसेवक योजना आली. नवा शिक्षक तीन वर्षे महिना तीन हजार मानधनावर. पाठोपाठ लांबच्या वस्त्यांवर वस्तीशाळा निघाल्या आणि तिथे गावातलीच दहावी-बारावी झालेली मुले-मुली शिकवू लागली. पहिलीच्या वर्गातले इंग्रजी राज्यात आले, ते पगाराच्या आणि पात्रतेच्या उतरंडीत सगळ्यात खाली उभ्या असलेल्या शिक्षकांच्या खांद्यावरून आले. शहापूर-मुरबाडमध्ये तर हे डोळ्यांना दिसत होते.

बालभारतीचे ‘माय इंग्लिश बुक’ हाती पडले तेव्हा मात्र अनेकांना सुखद धक्का बसला. पुस्तकात लिहायची घाई नव्हती. गाणी, हावभाव, सूचना ऐकून कृती करणे, चित्रे पाहून बोलणे. मुलाने आधी ऐकावे, मग बोलावे, वाचन-लेखन त्यानंतर. ए-बी-सी-डी गिरवून घेण्याची सवय असलेल्या गुरुजींना हे विचित्र वाटले. बाईंना लवकर जमले, असे आमचे निरीक्षण आहे, कारण बालवाडीची गाणी हातवारे करून म्हणायला त्या लाजत नसत. ‘स्टँड अप’, ‘सिट डाउन’, ‘टच युअर नोज’ एवढ्यावर ठाकूरवाडीतली मुले आठवडाभरात उड्या मारू लागली. इथे भाषांतर लागत नाही हेच त्याचे बळ. बोली कातकरी असो वा ठाकरी, नाकाला हात लावणे सगळ्यांना सारखेच येते.

अडचण दुसरीकडे होती. लिहायची घाई नसलेल्या पुस्तकात बोलणारा शिक्षक लागतो. छापील धड्याच्या आडोशाला उभे राहता येत नाही. आठवी-नववीचा शिक्षक फळ्यावर प्रश्नोत्तरे लिहून देऊन, गाईड समोर ठेवून तास काढू शकतो. पहिलीच्या शिक्षकाला तोंडाने इंग्रजी बोलावे लागते, रोज, थोडे का होईना. आणि नेमके तेच त्याला कोणी शिकवलेले नव्हते.

प्रशिक्षणे झाली, पुष्कळ झाली. राज्यस्तरावर काही जण तयार झाले, त्यांनी जिल्ह्याचे तयार केले, जिल्ह्याने तालुक्याचे, तालुक्याने केंद्राचे. २००१ नंतर सर्व शिक्षा अभियानाने गट साधन केंद्रे दिली, विषयतज्ज्ञ दिले, वर्षाला वीस दिवसांपर्यंत सेवांतर्गत प्रशिक्षणाची तरतूद केली. पैसा आला, घटकसंच आले, टी.ए.-डी.ए. आला. पण वरून खाली येताना मजकुराचे जे होते ते ताकात पाणी घालत जाण्यासारखे. पुण्यात दहा दिवस चाललेले सत्र शहापुरात पाच दिवसांचे आणि केंद्रावर दोन दिवसांचे होई. राज्यस्तरावर इंग्रजीतून चाललेली चर्चा तालुक्याला मराठीतून सांगितली जाई. ‘वर्गात इंग्रजीचा वापर कसा वाढवावा’ हा तास आमच्याकडे अथपासून इतिपर्यंत शुद्ध मराठीत झालेला आहे आणि त्यावर कोणी हसले नाही, कारण सुलभकालाही तीच अडचण होती.

आमच्या मते या साऱ्या इतिहासाची किल्ली इथे आहे. गेल्या साठ वर्षांत जवळजवळ प्रत्येक योजनेने शिक्षकाला इंग्रजी ‘कसे शिकवायचे’ ते सांगितले. रचना आली, संवादाची पद्धत आली, कृतियुक्त आली, ज्ञानरचनावाद आला, फोनिक्स आले. त्याला स्वतःला इंग्रजी येते असे बहुतेक योजनांनी गृहीत धरले. पद्धत बदलणे सोपे, घटकसंच छापला की झाले. तिशी-चाळिशीतल्या माणसाला एक भाषा बोलायला लावणे वेळखाऊ आणि नाजूक काम. त्याला वर्षे लागतात, चुकायला सुरक्षित जागा लागते, आणि त्याचा अहवाल मार्चअखेर देता येत नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या सोबत इंग्रजी अध्यापनावरचे जे आधारपत्र निघाले, त्यात शिक्षकाचे भाषाप्रभुत्व ही मूलभूत अट म्हणून स्पष्ट मांडली आहे. ते आधारपत्र तालुक्याच्या प्रशिक्षणात आले तेव्हा त्यातला नेमका हा भाग वगळला गेला होता.

याला एक अपवाद होता, तो रेडिओचा. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने (१९८४ ची ही संस्था) ‘वुई लर्न इंग्लिश’ ही आकाशवाणीवरची मालिका तयार केली. तिची युक्ती अशी, की रेडिओतली पात्रे बोलतात, मध्येच थांबतात आणि त्या मोकळ्या क्षणांत वर्गातल्या मुलांनी उत्तर द्यायचे. शिक्षक मध्यस्थ. त्याने सगळे बोललेच पाहिजे असे नाही. पण तोही वर्गाच्या कोपऱ्यात उभा राहून रोज तेच इंग्रजी ऐकतो, पुटपुटतो, आणि वर्ष संपता संपता त्याच्या तोंडात काही वाक्ये बसलेली असतात. मुलांबरोबर मास्तरही शिकतो आणि मास्तरांना कुणी ‘तुम्हाला येत नाही’ असे म्हणत नाही. शिक्षकविकासाचे यापेक्षा स्वस्त आणि सभ्य साधन आमच्या पाहण्यात नाही.

दुसरी सुरक्षित जागा म्हणजे शिक्षण परिषद. तिचे फार गोडवे गाऊ नयेत. निम्म्या परिषदा परिपत्रके वाचून दाखवण्यात, यू-डायसची माहिती गोळा करण्यात आणि शिष्यवृत्तीच्या याद्यांत गेल्या आहेत. केंद्रप्रमुखाची पदे रिकामी राहिली की एकाच माणसाकडे दोन-दोन केंद्रे, मग बैठक सह्यांपुरती. पण ज्या केंद्रांत दोन-चार जणांनी मनावर घेतले तिथे काय झाले ते नोंदवायला हवे. आदर्श पाठ इंग्रजीचा असेल तर आधी कुणी पुढे येत नसे. मग एखाद्या बाई उभ्या राहात आणि यजमान शाळेच्या दुसरीच्या मुलांसमोर गाणे घेत. उच्चार चुकला तर मागच्या बाकावरून कुजबुज. पाठ झाल्यावर चहा, आणि चहाबरोबर खरी चर्चा: ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींना आपण ‘व’च म्हणतो, मुलांना फरक सांगायचा की सोडून द्यायचा? ‘पुट’ आणि ‘बट’चे स्पेलिंग मुलाने विचारले तर काय सांगायचे, कारण देवनागरीत वाढलेल्या मुलाची जसे लिहिले तसेच वाचायचे ही अपेक्षा रास्तच आहे? क्रियापद मधे का येते? तासात मराठी किती बोलायचे?

या शेवटच्या प्रश्नावर परिषदा रंगत. कडवे म्हणत, इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्द नको. पाड्यावरचे म्हणत, मग मूल दुसऱ्या दिवशी येणारच नाही. हळूहळू एक मधला व्यवहार सापडला, जो कुठल्याही घटकसंचात तेव्हा नव्हता: सूचना रोज त्याच आणि इंग्रजीतूनच द्यायच्या, गोष्ट आधी मुलाच्या बोलीत सांगायची, मग तीच चित्रांवरून इंग्रजीत. ‘ओपन युअर बुक’ हे वाक्य महिनाभर रोज ऐकले की त्याचा मराठी अर्थ सांगावा लागत नाही. मराठवाड्यातून आणि नगरकडून इथे नेमणुकीला आलेल्या शिक्षकांना तर दोन भाषा शिकायच्या होत्या, पुस्तकातली इंग्रजी आणि अंगणातली ठाकरी. ज्यांनी दुसरी शिकली त्यांची पहिलीही बरी चालली, हे केंद्रप्रमुखांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे.

आपल्याकडे जे आपसूक आणि अर्धवट घडले, ते भंडारा जिल्ह्यात जाणीवपूर्वक घडले. तिथे अमोल पदवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी शिक्षकांचे क्लब उभे केले. भंडारा, पवनी अशा लहान गावांतले शिक्षक स्वेच्छेने जमायचे. सक्ती नाही, प्रमाणपत्र नाही, भत्ता नाही. वर्गातल्या अडचणी मांडायच्या आणि एकमेकांशी इंग्रजीतून बोलायचे. या क्लबांत सहभागी होणाऱ्यांचा वर्गातल्या अडचणींकडे पाहण्याचा दृष्टिकोन कसा बदलतो, यावर पदवाड आणि कृष्णा दीक्षित यांचा शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यातूनच देशभरातल्या इंग्रजी शिक्षकांचे ‘एआयनेट’ हे जाळे विणले गेले. ऑर्डरशिवाय शिक्षक येतात, हे भंडाऱ्याने दाखवले. आमच्याकडे सक्तीची बैठक आणि ऐच्छिक बोलणे अशी सरमिसळ राहिली, त्यामुळे एखादा उत्साही केंद्रप्रमुख बदलून गेला की सगळे थंडावे.

माध्यमिक शाळांची गोष्ट थोडक्यात. राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानातून ब्रिटिश कौन्सिलच्या मदतीने ‘एलिस’ हा कार्यक्रम आला, हायस्कूलच्या इंग्रजी शिक्षकांसाठी. २०१६ मध्ये राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांनी ‘तेजस’ सुरू केला, तो प्राथमिक शिक्षकांसाठी आणि राज्याच्या काही जिल्ह्यांपुरता. त्यात शिक्षकांचे छोटे गट करून त्यांनी ठरावीक काळाने भेटायचे, मोबाइलवर ध्वनिफिती आणि चित्रफिती पाहायच्या, पुढच्या भेटीपर्यंत वर्गात करून पाहायचे. या गटांना ‘टॅग’ म्हणत. त्याच धर्तीवर औरंगाबादच्या राज्य इंग्रजी संस्थेने माध्यमिकसाठी ‘चेस’ चालवला. म्हणजे पाच दशकांनी राज्य तिथेच पोहोचले जिथे केंद्राची परिषद १९९४ पासून बसत होती: शेजारच्या शाळांचे शिक्षक, ठरावीक भेट, करून पाहिलेले सांगणे. फरक एवढाच की ‘टॅग’मध्ये शिक्षकाच्या स्वतःच्या इंग्रजीला वेळ राखून ठेवला होता. आमच्या परिषदेने तेवढे एक उचलायला हवे होते.

शहापूरचे नाव या काळात राज्यभर झाले ते वेगळ्या कारणाने. पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा, शिक्षक संदीप गुंड यांची. कमी खर्चात डिजिटल वर्ग कसा उभा करायचा हे तिथे दिसले आणि राज्यभरातून शिक्षक पाष्टेपाडा पाहायला येऊ लागले. २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाने या लाटेला जोर दिला. लोकवर्गणीतून टीव्ही, टॅब, प्रोजेक्टर आले. इंग्रजीच्या बाबतीत त्याचा फायदा नि:संशय झाला, कारण नीट उच्चारलेले इंग्रजी प्रथमच वर्गात चित्रासह आले. रेडिओने जे केले तेच पडद्याने पुढे नेले. एक खोट राहिली: रेडिओ थांबायचा आणि मुलांना बोलायला लावायचा, पडदा थांबत नाही. तो थांबवायचे काम शिक्षकाचे, आणि दुसऱ्या वर्गात गोंधळ चालू असला की चित्रफीत संपेपर्यंत चालूच राहते.

याच दशकात सेमी इंग्रजीचे वारे आले. गणित-विज्ञान इंग्रजीतून. पालकांचा आग्रह, पट टिकवण्याची धडपड. इंग्रजीचा तास जेमतेम निभावणाऱ्या शिक्षकाला अपूर्णांक इंग्रजीतून समजावायचे होते. काही ठिकाणी ते चांगले झाले, बऱ्याच ठिकाणी संज्ञा इंग्रजी आणि वाक्य मराठी अशी भाषा जन्मली. तिला हसण्याचे कारण नाही. मुले तिच्यातून शिकली.

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. आदिवासी पाडे आणि दुर्गम शाळा म्हटले की आता मुख्यतः शहापूर आणि मुरबाड. कित्येक शिक्षक जिल्ह्याच्या रेषेपलीकडे अडकले. मग २०१८ मध्ये ऑनलाइन बदल्या झाल्या. पारदर्शक होत्या, वशिला संपला, हे मान्यच. पण एका फटक्यात केंद्रेच्या केंद्रे नव्या माणसांनी भरली आणि इंग्रजीच्या आदर्श पाठांना जे चार जण पुढे येत ते चार दिशांना गेले. परिषद ही माणसांची बनलेली असते. ऑर्डर कुठल्याही महिन्यात काढता येते, एकमेकांसमोर चुकायची सवय लागायला वर्षे जातात.

करोनाच्या काळात प्रशिक्षण मोबाइलवर आले. ‘निष्ठा’ हा देशव्यापी कार्यक्रम २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झाला होता, तो दीक्षा ॲपवर गेला. व्हिडिओ पाहा, प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र घ्या. माळशेजच्या पायथ्याच्या गावांत नेटवर्क शोधत टेकाडावर जाऊन मॉड्यूल पूर्ण करणारे शिक्षक होते; एकाने सोडवलेली उत्तरे ग्रुपवर टाकल्यावर पूर्ण करणारेही होते. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार आता प्रत्येक शिक्षकाने वर्षाला पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी द्यायचे आहेत. तास मोजणे सोपे झाले आहे. त्या पन्नासांतला एक तासही शिक्षकाच्या स्वतःच्या इंग्रजी बोलण्यात जात नाही, हे मात्र कुठल्याही डॅशबोर्डवर दिसत नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर राज्य ढवळून निघाले आणि २९ जूनला शासनाने निर्णय मागे घेतले. त्या सगळ्या गदारोळात पहिलीच्या इंग्रजीला कुणी बोट लावले नाही. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यावरून भांडणे झाली ते आज कुणाला वादाचा विषयच वाटत नाही. एका अर्थी हा विजय पाड्यावरच्या शिक्षकाचा आहे. त्याने ते निभावले म्हणून ते रुळले.

याच वर्षी पहिलीचा अभ्यासक्रम आणि पुस्तके नव्याने आली, पुढचे वर्ग टप्प्याटप्प्याने. प्रशिक्षणाची साखळी पुन्हा राज्याकडून तालुक्याकडे सुरू झाली आहे. संपादक मंडळाने या लेखासाठी केंद्रांकडून परिषदांची जुनी इतिवृत्ते मागवली, तेव्हा बहुतेक ठिकाणी विषयांची यादी आणि सह्या सापडल्या. कोणी कोणता पाठ घेतला आणि त्यावर काय बोलणे झाले, ते क्वचित. यापुढे इंग्रजीचा पाठ झाला की घेणाऱ्याचे नाव, मुलांनी काय केले आणि शिक्षकांत कशावर मतभेद झाले, एवढ्या तीन ओळी इतिवृत्तात लिहाव्यात आणि परिषदेतला निदान अर्धा तास सगळ्यांनी इंग्रजीतच बोलावे, व्याकरण तपासणारा कोणी न नेमता, असे दोन्ही तालुक्यांच्या केंद्रप्रमुखांना या स्मरणिकेतर्फे सुचवले आहे. दोन केंद्रांनी होकार कळवला आहे.